मेणबत्त्यांच्या गावचे दा आरेझकी

बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं नसतं, हे मी अमेरिकेत पहिल्या आठवड्यात शिकलो आणि दुसऱ्याच आठवड्यात दा आरेझकींनी ते शिक्षण पार धुऊन काढलं.

२००३ चा ऑगस्ट संपत आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्सला आलो होतो. कॅम्पसच्या बसमध्ये मी ‘बोगद्यांची रचना’ या विषयावरचं जाडजूड पुस्तक मांडीवर उभं धरून बसलो होतो. वाचत नव्हतो. मुखपृष्ठ लोकांना दिसेल असं धरलं होतं, एवढंच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ भर उन्हाळ्यात निळा जाड कोट घालून संत्रं सोलत होते. त्यांनी मुखपृष्ठ वाचलं, एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं,

“दोन्ही बाजूंनी खणता, की एकाच?”

“दोन्ही.”

“आणि मध्ये भेटता?”

“भेटतोच,” मी म्हणालो. मी रत्नागिरीचा. कोकण रेल्वेचे बोगदे माझ्या शाळेच्या दिवसांत खणले गेले, त्यामुळे या विषयात आपल्याला जन्मजात अधिकार आहे अशी माझी समजूत होती. “आता सर्व्हे इतके अचूक असतात की चुकायचा प्रश्नच येत नाही.”

“आमचे नाही भेटले,” ते म्हणाले.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाला पाणी आणण्यासाठी रोमन लोकांनी डोंगरातून बोगदा काढायला घेतला. दोन टोळ्या दोन बाजूंनी खणत निघाल्या. दोघीही आपापल्या उजव्या हाताला सरकत गेल्या. डोंगर जेवढा रुंद होता त्यापेक्षा जास्त खणून झालं, तरी डोंगराला आरपार भोक काही पडलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या, निवृत्त सर्व्हेअरला दुरून बोलावणं गेलं. त्याला वाटेत दरोडेखोरांनी गाठलं, मारलं, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले. तो तसाच पुढे आला. मोजमाप केलं, दोन्ही बोगदे जोडून दिले आणि हे सगळं दगडावर कोरून ठेवलं. “तो दगड आता आमच्या नगरपालिकेसमोर आहे, आणि आम्ही पोरं त्याच्यावर बसून संत्री खायचो,” ते म्हणाले.

“उजवीकडे,” ते पुन्हा म्हणाले. “लिहून घ्या.”

एवढ्या वेळात माझे दोन स्टॉप मागे गेले होते.

ते गाव म्हणजे बेजाया. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. पुढ्यात भूमध्य समुद्राचं अर्धगोल आखात आणि पाठीशी उभा डोंगर. दा आरेझकी तिथल्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. आता मुलगी युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवत होती म्हणून ते पेनसिल्व्हेनियात होते. जमात कबाईल, म्हणजे अल्जीरियाच्या डोंगरातले मूळचे लोक. त्यांना अरब म्हटलेलं खपायचं नाही आणि फ्रेंच म्हटलेलं तर बिलकूलच नाही. ‘दा’ हे नाव नव्हे. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्याच्या नावाआधी ‘दा’ लावतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही मोठ्या भावाला दादा म्हणतात, तेव्हा ते बसमध्येच उठून उभे राहिले आणि ड्रायव्हरला ही बातमी देऊन आले.

अंगाने ठेंगणे आणि रुंद, भुवया एवढ्या दाट की चष्मा कानांऐवजी त्यांच्यावरच टेकलाय असं वाटावं. वाक्य संपलं की “लिहून घ्या” म्हणायचं, ही मास्तरकीची सवय. बस ड्रायव्हर, किराणा दुकानातली मुलगी, केस कापणारा, सगळ्यांना ते लिहून घ्यायला सांगत. कोणी लिहून घेताना मी पाहिलं नाही. स्टेट कॉलेजच्या मागे एक लांबट डोंगर आहे, त्याच्याशी त्यांचं रोजचं भांडण असे. “या लोकांनी डोंगर चुकीच्या बाजूला ठेवलाय,” ते म्हणत. बेजायात डोंगर ज्या हाताला येतो, त्याच हाताला तो इथेही यावा म्हणून ते बसमध्ये कधी कधी ड्रायव्हरकडे पाठ करून बसत.

आणि माणसांची नावं ते लक्षात ठेवत नसत. गावाच्या नावाने हाक मारत. मी ‘रत्नागिरी’. माझा रूममेट प्रशांत मेश्राम ‘नागपूर’. प्रशांतची आणि त्यांची ओळख मीच करून दिली.

“समुद्रापासून किती लांब?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“खूप लांब, सर. भारताच्या मधोमध.”

“अरेरे,” दा आरेझकी इतक्या कळवळ्याने म्हणाले की प्रशांतला घरची आठवण यावी.

मग परीक्षा. ती सगळ्यांना द्यावी लागे. बस आपल्या स्टॉपला पोचेपर्यंत आपापल्या गावाचा इतिहास सांगायचा. प्रशांत मराठीत माझ्या कानाशी पुटपुटला, “अबे, हा बुढ्ढा काय तोंडी परीक्षा घेऊन राहिला बे?” पण सुरू झाल्यावर थांबेना. त्याचे आजोबा गावाकडून बिऱ्हाडासकट चालत दीक्षाभूमीला कसे गेले होते, आजीने नवं पांढरं लुगडं कसं जपून नेलं होतं, परत आल्यावर घरातले जुने देव टोपलीत घालून नदीवर कसे नेले आणि नदीवर गेल्यावर आजी कशी अडून बसली, मग आजोबांनी तिला काय समजावलं. हे सगळं त्याच्या घरात रोज जेवताना बोललं जायचं. दा आरेझकी एकदाही “लिहून घ्या” म्हणाले नाहीत. स्टॉप आल्यावर ते म्हणाले, “नागपूर, समुद्र नसला तरी चालेल.”

माझी पाळी आली. मी रत्नागिरीत जन्मलो, वाढलो, दहावीला बोर्डात इतिहासात चांगले मार्क मिळवले, आणि मला सांगण्यासारखं काही सुचेना. हापूस आंबा म्हणालो. तो इतिहास नाही, भूगोल आहे असं उत्तर आलं. मग मला एकदम आठवलं की ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आमच्या गावात आणून ठेवलं होतं.

“राजाला? का?”

“का” मला माहीत नव्हतं. पण समोर प्रशांत हसायला लागला होता. म्हणून मी ठोकून दिलं, “त्याला आंबे फार आवडायचे.”

दा आरेझकींच्या भुवया वर गेल्या. “इंग्रजांनी एवढा विचार केला?”

“हो ना.”

त्यांनी ते मनात लिहून घेतलं. याचे परिणाम पुढे यायचे होते. (आता मी टेक्सासात फ्रिस्कोला राहतो. मध्यंतरी मुलीला शाळेत ‘तुमच्या पालकांचं गाव’ असा प्रोजेक्ट होता. तिने विचारलं, “बाबा, एनी हिस्ट्री?” आणि माझ्या तोंडून पुन्हा तोच आंबेवाला राजा बाहेर आला. तिला ए मिळाला.)

आकड्यांचं त्यांना वेड होतं, पण हिशोबासाठी नाही. बसच्या कपाळावर नंबर दिसला की ते आम्हा दोघांना वाकून म्हणत, “थँक यू.” पहिल्यांदा कळेना. मग त्यांनी सांगितलं की काही शतकांपूर्वी इटलीचा एक व्यापारी त्यांच्या बंदरात कस्टमच्या कामावर होता. त्याने आपल्या मुलाला तिथे बोलावून घेतलं. त्या मुलाला बेजायात हिंदुस्थानी आकडे शिकायला मिळाले, शून्यासकट. तो ते घरी घेऊन गेला आणि युरोपला हिशोब जमायला लागला.

“म्हणजे तुमचे आकडे आमच्या गोदीतून गेले,” दा आरेझकी म्हणाले. “आम्ही जकात न घेता सोडले. लिहून घ्या.”

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझ्या थीसिसचं कॉम्प्युटर मॉडेल तयार झालं. एका डोंगरातला बोगदा दोन तुकड्यांत बनवला होता. ते तुकडे जोडले तेव्हा एक दुसऱ्याच्या शेजारून निघून गेला. प्रोफेसर स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “इंटरेस्टिंग.” अमेरिकेत या शब्दाचा अर्थ काय होतो हे मला तोवर कळलं होतं. संध्याकाळी बसमध्ये दा आरेझकींना सांगितलं. त्यांना झाला तेवढा आनंद मी आजवर कोणाच्या अपयशाने कोणाला झालेला पाहिला नाही.

“उजवीकडे?” त्यांनी श्वास रोखून विचारलं.

मी मान हलवली. उजवीकडेच गेला होता.

“घरी जेवायला ये,” ते म्हणाले. “नागपूरलाही आण.”

जेवायला कुसकुस होतं. रव्याच्या बारीक कण्या वाफवलेल्या, वर भाज्यांचा रस्सा. मी एकेक घास नीट खात होतो, पण टेबलावर एक मोठं भांडं ताकाने भरलेलं दिसलं आणि माझा संयम सुटला. बऱ्याच महिन्यांत ताक पाहिलं नव्हतं. मी उरलेल्या कुसकुसवर ताक ओतलं, मीठ घातलं, बोटांनी कालवलं आणि भुरका मारला. प्रशांतने टेबलाखालून लाथ घातली. “अबे, लोकांच्या घरी आहेस!”

समोर दा आरेझकींचा चमचा हवेतच थांबला होता. मला वाटलं, संपलं. ते उठले, आतून दुसरा वाडगा घेऊन आले, त्यात कुसकुस घेतलं, ताक ओतलं आणि माझ्यासारखंच खायला लागले. मुलगी तसादित हसत म्हणाली, “बाबांची आई असंच खायची. मी लहानपणापासून त्यांना टेबलावर चमच्याने खायला लावतेय. तू एका मिनिटात सगळं मोडलंस.”

जेवण झाल्यावर दा आरेझकी कॉफी करायला आत गेले आणि तसादित हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला दोघांना एक विचारायचंय. इथल्या लायब्ररीत संध्याकाळचे वर्ग असतात. कोणालाही, कुठलाही विषय शिकवता येतो. बाबांना बेजायाचा इतिहास शिकवायचाय. त्यांना एकट्याने जमणार नाही.”

“ते तर बसमध्ये रोजच शिकवतात,” मी म्हणालो.

“ते बोलणं झालं. त्यांना तास घ्यायचाय.”

मग तिने सांगितलं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला, पण अभ्यासक्रमात स्वतःचं गाव कधी नव्हतं. सुरुवातीला फ्रान्सचे राजे होते, मग राजधानीतली भाषणं. नव्वदच्या दशकात देशात सरकार आणि कट्टरपंथी यांच्यात यादवी पेटली आणि रोज माणसं मारली जायला लागली. शिक्षकही. अशातच एका बुधवारी त्यांनी वर्गात पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हणाले की पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला खाली समुद्राच्या दरवाज्यापाशी नेणार आणि आपल्या गावाचा इतिहास सांगणार. पुस्तकात नाही तो. बंदराजवळ जुन्या काळची एक मोठी कमान आहे, तो समुद्राचा दरवाजा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाला बसस्टॉपवर गोळी घातली. आणि त्याच आठवड्याच्या सुट्टीत तसादितच्या आईने दोन बॅगा भरल्या, तिघं फ्रान्सच्या बोटीत बसले.

“मुलांना सांगितलं नाही?” प्रशांतने विचारलं.

“कोणालाच नाही. बुधवारी वर्ग भरला असेल, मुलं वाट बघत बसली असतील. आई गेली, मी इथे आले, त्यांना आणलं. बाबा सगळं सहन करतात. पण तो तास राहिलाय. तेवढा एक घ्यायचाय त्यांना.”

आतून कॉफीचा वास आला आणि आम्ही डोंगराच्या चुकीच्या बाजूविषयी बोलायला लागलो.

लायब्ररीतली बाई चांगली होती. म्हणाली, किमान दहा नावं आली तरच वर्ग होईल, नाहीतर रद्द. मग जरा घुटमळली. “आणि… सध्याचे दिवस बघता… पत्रकावर अल्जीरिया हा शब्द फार मोठ्या अक्षरात नसला तर बरं. लोक उगाच काहीबाही समजतात.”

दा आरेझकी शांतपणे ऐकत होते. “गावाचं नाव चालेल?”

“गावाचं नाव कोणालाच माहीत नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “त्यामुळे चालेल.”

पत्रक करायचं काम मी अंगावर घेतलं. कॉलेजच्या गॅदरिंगची पोस्टरं मी करायचो, त्यामुळे माझा माझ्यावर विश्वास होता. दा आरेझकींनी मला एकदा सांगितलं होतं की बेजायाच्या मागच्या डोंगरात मधमाश्या भरपूर. तिथलं मेण जहाजं भरभरून युरोपात जायचं, इतकं की फ्रेंच लोक मेणबत्तीला त्या गावाच्याच जुन्या नावाने ओळखायला लागले. मला तेच धरून पुढे जावंसं वाटलं. शीर्षक दिलं, ‘मेणबत्त्यांचं शहर’. खाली लिहिलं, ‘एक प्राचीन परंपरा, आठवड्यातून एक संध्याकाळ’. मधोमध पेटलेल्या मेणबत्तीचं मोठं चित्र. आणि सर्वात खाली, लोक घाबरू नयेत म्हणून, ‘पूर्वानुभवाची गरज नाही’.

प्रशांतने ते पाहून सांगितलं, “जबरदस्त झालं बे.” तोही त्या वेळी इंजिनिअरच होता.

दहा नावं हवी होती. त्याहून जास्त आली. पहिल्या संध्याकाळी दा आरेझकी टाय लावून, केस चापून आले. खोलीत साठीच्या पुढच्या बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात पातेलं. काहींनी एप्रन बांधले होते. कोणी सुताचा गुंडा आणला होता, कोणी मेणाच्या पांढऱ्या विटा. एकीने लॅव्हेंडरच्या वासाचं तेल आणलं होतं आणि ते आल्या आल्या सांडलं होतं. मार्था नावाची निवृत्त नर्स पहिल्या रांगेत साचे मांडत होती.

दा आरेझकींनी खोलीवर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. शाळेत मास्तरांनी माझ्याकडे अनेकदा बघितलेलं आहे, पण असं नाही.

दारातून प्रशांत खाणाखुणा करत होता की पळ.

दा आरेझकी पहिल्या रांगेपाशी गेले. मार्थाच्या समोरची पांढरी वीट उचलून नाकाशी धरली.

“मॅडम, हे मेण नाही. हे पेट्रोलियम आहे.”

“दुकानात तर…”

“मेण मधमाशी करते. आमच्या गावामागच्या डोंगरात या मधमाश्या होत्या. आणि हे,” त्यांनी वीट वर धरली, “हेसुद्धा आमच्याच बंदरातून जातं. वाळवंटातून नळाने येतं आणि जहाजात चढतं. तेव्हा तुम्ही कोणत्याही वाटेने आलात, तरी माझ्याच गावात येता. लिहून घ्या.”

आणि मार्थाने पर्समधून पेन काढलं. मी पहिल्यांदाच कोणाला लिहून घेताना बघत होतो.

मधल्या सुट्टीनंतर काही जणी आपापली पातेली घेऊन निघून गेल्या. उरल्या त्या आणि आम्ही दोघं मिळून दहा भरलो. लायब्ररीतल्या बाईने मोजलं, माझ्याकडे आणि प्रशांतकडे संशयाने पाहिलं आणि वर्ग चालू राहिला.

ते हिवाळ्याचे दिवस होते. बाहेर बर्फ, आत रेडिएटरचा आवाज, आणि दा आरेझकी फळ्यासमोर. शिकवताना हा माणूस दोन इंच उंच व्हायचा. पाणी आणणारे रोमन झाले. मग डोंगरातून उतरून इथे राजधानी वसवणारे राजे, त्यांच्या राजवाड्यातले हौद. इटलीचा तो आकडे शिकणारा मुलगा. त्यांच्या डोंगराच्या माथ्यावर किल्ला आहे, त्यात येम्मा गौराया नावाच्या साध्वीचं ठाणं आहे आणि पलीकडच्या कड्यावर दीपगृह. येम्मा म्हणजे आई. बायका आजही चढून जातात, नवस बोलतात. मी न राहवून सांगितलं की रत्नागिरीतही समुद्रावर किल्ला आहे, त्यात भगवती आहे आणि जवळच दीपगृह आहे. दा आरेझकी आनंदाने म्हणाले, “बघा! आणि याच रत्नागिरीत इंग्रजांनी एका राजाला केवळ आंब्यांच्या प्रेमाखातर ठेवलं होतं. संदर्भ तिथे बसला आहे.”

नऊ डोकी वळली. मार्थाने विचारलं, “कुठल्या जातीचे आंबे?” मी “हापूस” म्हणालो. तिने तेही लिहून घेतलं.

मग स्पॅनिश आले, तुर्क आले, फ्रेंच आले. रेल्वे आली. आणि त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या आसपास येऊन इतिहास अडला. पुढच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर पुन्हा रोमन बोगदा काढला.

“मागच्या वेळी आपण रेल्वेपर्यंत आलो होतो ना?” मार्थाने विचारलं.

“रिव्हिजन,” दा आरेझकी म्हणाले.

त्याच्या पुढच्या वेळीही रिव्हिजन. मधमाश्या परत आल्या. बायका कुरकुरल्या नाहीत, पण विणकाम काढून बसायला लागल्या. तसादितचा मला फोन आला. “मे महिन्यात खोली दुसऱ्या कोणाला द्यायची आहे. बाबांनी पुढे नाही शिकवलं, तर तो तास राहूनच जाईल.”

मी बसमध्ये विषय काढला. माझ्या परीने खुबीने काढला. म्हणजे सरळ विचारलं की दा, तुम्ही घाबरलात का?

ते संत्रं सोलत होते. सोलून झाल्यावर म्हणाले, “इतिहास सोपा असतो, रत्नागिरी. जोवर त्यातल्या कोणाचा आवाज आपल्याला आठवत नाही तोवर.”

नेहमीसारखी फोड माझ्या हातावर आली. “लिहून घ्या” आलं नाही.

ती त्यांची-माझी बसमधली जवळजवळ शेवटची भेट. उन्हाळ्यात मला टेक्सासात नोकरी लागली, प्रशांत न्यू जर्सीला गेला. दोनेक वर्षांनी तसादित वडिलांना घेऊन मॉन्ट्रियलला राहायला गेली. तिथे त्यांच्या गावचे बरेच लोक आहेत, बाबांना बोलायला माणसं मिळाली, असं तिने फोनवर सांगितलं होतं. तिथला डोंगर योग्य बाजूला आहे की नाही, हे मी विचारायचं विसरलो. मला ते दिसतात ते मात्र मे महिन्यातल्या त्या शेवटच्या वर्गाच्या संध्याकाळी, लायब्ररीमागच्या पार्किंगमध्ये.

त्या दिवशी ते खोलीत शिरलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, “आज खाली जायचंय.” आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. पार्किंग उताराचं होतं. ऊन अजून होतं, गाड्या थोड्या होत्या. त्यांनी उताराकडे पाहिलं आणि माणसं लावायला सुरुवात केली.

“मॅडम,” त्यांनी मार्थाला सांगितलं, “तुम्ही वर, त्या दिव्याच्या खांबाजवळ. तुम्ही दीपगृह. तुम्ही चौघी डोंगर. तुम्ही बाजार, तुम्ही मशीद, तुम्ही रेल्वे स्टेशन. नागपूर, सगळ्यात खाली जा. तू समुद्र.”

“मी?” प्रशांत ओरडला. “सर, मी कसा समुद्र?”

“हात पसर.”

प्रशांतने हात पसरले आणि मराठीत मला विचारलं, “अबे, किती मोठा होऊ?”

“रत्नागिरी, त्याच्या पुढ्यात उभा राहा. पाय फाकून. तू समुद्राचा दरवाजा.”

मी पाय फाकून उभा राहिलो. एक गाडी मागे घेणाऱ्या गृहस्थाने काच खाली करून आमच्याकडे पाहिलं आणि काच वर केली.

दा आरेझकी उताराच्या मध्यावर, एका मोकळ्या जागेत उभे राहिले. “ही माझी शाळा,” म्हणाले. आणि तास सुरू केला.

जन्मापासून सुरू केला. दहा वर्षांचे असताना युरोपातलं युद्ध संपलं, सगळं जग नाचत होतं, आणि त्यांच्या मागच्या डोंगरातल्या गावांवर फ्रेंचांनी आखातातल्या जहाजावरून तोफा डागल्या. ढग नसताना गडगडतं कसं, असं त्यांनी आईला विचारलं होतं. मग स्वातंत्र्याची लढाई. मोठा भाऊ त्या डोंगरात गेला, मार्थाकडे, म्हणजे दीपगृहाकडे बोट दाखवून म्हणाले, “तिथून शेवटचा दिसला.” मग स्वातंत्र्य, तीन दिवस कोणी झोपलं नाही. मग शाळा, लग्न, तसादित. मग ती वाईट वर्षं. गणिताच्या मास्तरांचं नाव घेतलं. त्यांची विनोद सांगायची पद्धत सांगितली, विनोदही सांगितला, आणि तो इतका फुसका होता की बायका हसल्या. मग म्हणाले, “बुधवारी मी मुलांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात दरवाज्यापाशी जाऊ. आज आलो.”

एवढंच. मला वाटलं, तास संपला. पण ते वळले, मोकळ्या डांबराकडे तोंड केलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाले. थांबले. पुन्हा काही म्हणाले. थांबले. चार-पाच वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हजेरी होती. नाव, मग थोडी जागा. नाव, मग जागा. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या वर्गाची नावं ते क्रमाने घेत होते. आमची नावं त्यांना कधी आठवली नव्हती.

वरून, खांबाजवळून, मार्थाचा आवाज आला. “हिअर.”

त्यांनी मान वळवली नाही. पुढचं नाव घेतलं. डोंगरातल्या एकीने “हिअर” म्हटलं. पुढच्याला बाजार. पुढच्याला प्रशांत नागपुरी थाटात “प्रेझेंट सर!” ओरडला. मी गडबडीत लागोपाठ दोन नावांना ओ दिली, तेव्हा त्यांनी थांबून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ते दुसरं नाव पुन्हा घेतलं. रेल्वे स्टेशनने हजेरी लावली.

शेवटचं नाव झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मार्थाने उतारावर येऊन त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या गाडीत बसली. मग गाव मोडायला लागलं. डोंगर एका गाडीतून गेला. मशीद आणि बाजार बोलत बोलत निघून गेले. प्रशांतने हात खाली केले आणि डोळे पुसत, कोणाला दिसू नये म्हणून, फुटपाथवर जाऊन उभा राहिला. दा आरेझकी अजून शाळेच्या जागेवर होते. त्यांनी टाय सैल केला, खिशात घातला, आणि उतरत खाली आले. मी पाय फाकून तसाच उभा होतो. हलावं की नाही ते कळत नव्हतं.

ते माझ्यापाशी आले. माझ्याकडे पाहिलं नाही. खांद्यावर, जुन्या दगडी भिंतीला लावावा तसा हात लावला, घटकाभर ठेवला, आणि माझ्या बाजूने दरवाज्यापलीकडे निघून गेले.